पहिला दाखला

अमिना पठाण शहरातल्या एका कॉलेजात खगोलशास्त्र शिकवायची. एका दूरच्या ताऱ्याभोवती ग्रह फिरतो आहे, असं सांगणारा तिचा शोधनिबंध सहा वर्षांपूर्वी छापून आला होता. तेव्हापासून जगात कुणी त्याचा साधा उल्लेखही केला नव्हता. बढतीच्या मुलाखतीत "तुमच्या कामाची दखल कुणी घेतली?" असं विचारलं, की ती मान खाली घालायची. विहिरीत हाक मारावी आणि प्रतिध्वनीही येऊ नये, तसं तिला वाटायचं. या उन्हाळ्यात संशोधन सोडायचं, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

आज सकाळी छावणी भागातल्या आपल्या घरी चहा पिता पिता ती फोनकडे बघून एकदम ओरडली, "अब्बा, माझ्या निबंधाचा दाखला दिलाय! चिलीतल्या शास्त्रज्ञांनी!"

नूरमोहम्मदांनी शिलाई मशीन थांबवली. "माशाल्लाह! काय म्हणले?"

ती वाचत गेली. शेवटाला आली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. "मी चुकले म्हणतात. तिथं ग्रह नाहीच, ताऱ्यावरचे डाग आहेत ते."

म्हातारा हिरमुसला. "जाऊ दे बेटा. लोकांना नावं ठेवायला निमित्तच पायजे."

पण अमिना तर हसत होती. कितीतरी दिवसांनी तिचा श्वास मोकळा झाला होता.

"नावं नाय ठेवली, अब्बा. माझी चूक काढायला ते तीन वर्षं माझ्याच ताऱ्याकडे डोळे लावून बसले होते!"