फोटोत कोणी नको

"आधारवरचा फोटो नको," हवालदार पुंडलिकराव म्हणाले. "हा बारा वर्षांआधीचा आहे. आताचा एखादा द्या न."

लाखनीच्या पोलीस ठाण्यात योगेंद्र त्यांच्यासमोर बसून मोबाइल चाळत होता. पाच वाजत आले होते. त्याची आई पुष्पाबाई, वय बहात्तर, घरातून निघून गेली होती. तो दुकानात होता. दुपारी शेजारच्या लीलाबाई भाजी द्यायला गेल्या, तर दार सताड उघडं आणि घरात चिटपाखरू नाही. तेव्हापासून त्याने बसस्टँड, देऊळ, दवाखाना सगळं पालथं घातलं होतं. वर्षभरापासून आई विसरायला लागली होती. घरापासून पन्नास पावलांवर हायवे, आणि हायवेवर ट्रकांची रांग कधी तुटत नाही.

मोबाइलमध्ये त्याच्या चारचाकी गाडीचे फोटो होते. दोन वर्षांचे, चारशेच्या वर. योगेंद्रचा गाडीवर भारी जीव. लग्न जमत नाही म्हणून यानं गाडीशीच संसार मांडला, असं बाजारातले लोक चिडवायचे, आणि ते काही फार खोटं नव्हतं. दर रविवारी तो गाडी धुऊन अंगणात काढायचा, मातीत पालथा पडून फोटो घ्यायचा, आणि मग तासभर ते नटवत बसायचा. पांढुरकं आभाळ निळं करायचं. टायर काळेभोर करायचे. दोरीवरची लुगडी, शेणाचा पो, कोंबड्या, जे जे गाडीची शोभा घालवेल ते पुसून टाकायचं. ॲपमध्ये तशी सोयच होती. बोट फिरवलं की वस्तू गायब.

आईलाही तो पुसायचा. ती नेमकी फोटोच्या वेळी येऊन गाडीपाशी उभी राहायची. "माय, सरक न थोडी," तो ओरडायचा. ती दोन पावलं सरकायची आणि परत यायची. शेवटी त्यानं ओरडणं सोडून दिलं. पुसणं सोपं होतं.

"नाही जी," तो म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "होती फोटोत. पण मीच काढून टाकली तिले."

पुंडलिकराव रागावले नाहीत. "माही पोरगी बी असंच करते. पण पयला फोटो आत राहते म्हणे. पाहा, खाली कुठं बटण असंल."

बटण होतं. योगेंद्रने दाबलं. निळं आभाळ पुन्हा पांढुरकं झालं, लुगडी दोरीवर आली, आणि गाडीच्या दारापाशी आई येऊन उभी राहिली. त्याचे डोळे भरून आले. त्याने दुसरा फोटो उघडला, तिसरा उघडला, मग उघडतच गेला. आई कुठे हसत होती, कुठे उन्हामुळे डोळे बारीक करून पाहत होती. मागच्या वर्षभरात ती किती वाळली होती, हे त्याला आत्ता दिसलं.

पुंडलिकरावांनी मोबाइल हातात घेतला. चष्मा वर करून त्यांनी सात-आठ फोटो नीट न्याहाळले.

"एक सांगा," ते म्हणाले. "ह्या दरवेळी कुठं जायले निघाल्या?"

"कुठं म्हणजे? अंगणात तं हाये."

"पाहा न बरं. दरवेळी काठाचं चांगलं लुगडं. पायात चप्पल. हातात पिशवी. अंगणात कोणी पिशवी घेऊन उभं राहते का?"

योगेंद्रने पाहिलं. चारशे वेळा त्याने गाडी पाहिली होती. हवालदारांनी एकदाच पाहिलं आणि त्यांना बाई दिसली.

"सिहोऱ्याले," तो कसाबसा म्हणाला. "तिचं माहेर. गाडी आणली तवा म्हटलं होतं, पयले तुले सिहोऱ्याले नेतो."

"मंग?"

"राहून गेलं."

कधी रस्ता खराब होता, कधी गाडी नुकतीच धुतलेली होती, कधी पुढचा रविवार बरा वाटला होता. सकाळी काय खाल्लं ते आईला आठवत नसे. हे मात्र आठवत होतं. गाडी अंगणात निघाली की तिला वाटायचं, आज.

पुंडलिकरावांनी लगेच फोन लावले. वाटेवरच्या तुमसरला सांगितलं, सिहोऱ्याला सांगितलं. मग विचारलं, "आज अंगावर काय होतं?"

योगेंद्रला सांगता येईना. तेवढ्यात त्याला सकाळचा फोटो आठवला. काल गाडीला नवी चाकं बसवली होती, म्हणून आज दुकान उघडायच्या आधीच त्याने फोटो काढून, नटवून टाकलाही होता. त्याने तो उघडला आणि बटण दाबलं.

गाडीपाशी आई नव्हती. फाटकाबाहेर, रस्त्यावर, एक बाई पाठमोरी चालत होती. हिरवं लुगडं, हातात पिशवी. सकाळीही ती त्याला दिसली होती. कोणीतरी बाई मध्ये येते आणि चाकांवरून नजर हटते, म्हणून त्याने तिच्यावरून बोट फिरवलं होतं.

"हिरवं लुगडं," तो म्हणाला.

पुंडलिकरावांनी ते लिहिलं आणि तक्रार वाचून दाखवायला घेतली. "मुलगा दुकानात गेल्यानंतर, दुपारच्या सुमारास, कोणाला न सांगता घरातून निघून गेल्या. बरोबर?"

"नाही जी," योगेंद्र फोटोवरची वेळ पाहून म्हणाला. "नऊ वाजून बारा मिनिटं लिहा. माह्या समोरून गेली."