बार्तोलो रंगाऱ्याचा चेहरा

“हा कोण?” शिडी चढून परांचीवर आलेल्या मोना दियानोराने विचारलं. साठी उलटलेली बाई, धाप लागली होती, पण आवाज पिस्तोया गावच्या बाजारात चालतो तसाच खणखणीत.

“तुमचा नवरा. तुम्हीच तर पैसे दिलेत त्याच्या चित्राचे,” लापो चितारी म्हणाला. चर्चच्या भिंतीवर, मरियामातेच्या पायाशी, एक देखणा पुरुष हात जोडून गुडघ्यांवर बसला होता.

“हा? हा तर कुणी बिशप वाटतोय. आमचा बार्तोलो रंगारी होता रे! लोकर रंगवता रंगवता म्हातारा झाला. असा गुळगुळीत कधी दिसला तो?”

लापोने बार्तोलोला पाहिलंच नव्हतं. तो गावात आला तेव्हा बार्तोलो मातीआड होऊन वर्ष लोटलं होतं. मग त्याने बार्तोलोच्या पुतण्याला समोर बसवून चेहरा काढला, आणि पुतण्याने गोड बोलून आपलं नाक जरा सरळ करून घेतलं. उद्या तर परांची उतरवायची होती.

“मोना, स्वर्गात गेल्यावर सगळेच देखणे होतात.”

“मग मी गेल्यावर त्याला ओळखू कशी?”

लापो थोडा वेळ स्वतःशीच पुटपुटला. मग छिन्नी घेऊन त्याने काल अख्खा दिवस खपून काढलेला चेहरा ठोकून पाडला आणि त्या जागी नवा गिलावा थापला. माणूस तोंडाळ होता, पण मनाचा मऊ.

“आता सांगा भराभर. गिलावा वाळला की रंग भिंतीत मुरत नाही. नाक कसं होतं?”

“नाकासारखं.”

“डोळे?”

“दोन होते.” ती हसली, पण लगेच थांबली. “थांब, सांगते. कपाळ रुंद होतं. नाही, ते त्याच्या भावाचं.” तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती घाबरली होती. “लापो, मला दिसतच नाहीये रे तो. उभा जन्म एका ताटात जेवलो आम्ही, आणि मला त्याचा चेहरा आठवत नाही!”

लापोने कुंचला खाली ठेवला. त्याला तिची फार दया आली, आणि गिलाव्याचीही काळजी वाटली.

“भांडायचात का तुम्ही?”

“रोज! निळ्या हातांनीच पाव तोडायचा. हात धू म्हणून मी ओरडायला लागले की...”

“की काय करायचा?”

“काय करणार? असं करायचा.”

आणि तिने करून दाखवलं. खालचा ओठ एका बाजूला गेला, डावी भुवई वर चढली, डोळे बारीक झाले आणि त्यांत चोरी पकडली गेल्यावरचं हसू आलं. परांचीवर साक्षात एक म्हातारा रंगारी बसला होता.

“हलू नका!” लापो ओरडला.

तो झपाझप हात चालवू लागला. प्रार्थनेला बसलेला माणूस असा हसतो का, हा विचार त्याच्या मनात आला. पण मरियामातेच्या घरीही नवरा होताच, ती समजून घेईल, असं म्हणून त्याने तो झटकून टाकला.

ऊन खिडकीतून सरकलं. लापोने कुंचला पाण्यात टाकला आणि तो बाजूला झाला.

मोना दियानोराने भिंतीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांना धार लागली. ओठ मात्र अजून तसाच वाकडा होता, भुवई तशीच वर.

“झालं, मोना. आता चेहरा मोकळा करा.”

“राहू दे रे,” ती वाकड्या ओठांनीच म्हणाली. “अजून जरा वेळ राहू दे.”