कैदी नंबर तीनशे सतरा

सत्यभामाबाईंनी पिशवीतून ॲल्युमिनियमची जुनी थाळी काढली आणि अधीक्षकांच्या टेबलावर, थेट संमतीपत्रावरच ठेवली. कागद झाकून गेला.

"सही करते साहेब. पर आधी पाटीवर ह्यो नंबर घाला."

थाळीच्या काठावर आकडा ठोकलेला होता. तीनशे सतरा.

अधीक्षकांनी घड्याळ पाहिलं. उद्या सकाळी मंत्री येणार होते. जिल्हा कारागृहाला माजी आमदार कै. बब्रुवान अण्णांचं नाव देण्याचा आदेश निघाला होता. अण्णांनी आमदारकीच्या एकाच मुदतीत या जेलात शाळा आणली, पुस्तकं आणली, दर महिन्याला स्वतः येऊन कैद्यांना बाराखडी शिकवली. आता त्यांच्या पत्नीची, सत्यभामाबाईंची सही तेवढी राहिली होती. खिडकीबाहेर, अंगणात पाटी आडवी टाकून पंचाक्षरी नावाचा उमरग्याकडचा कैदी ती रंगवत होता. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हाही ही पाटी त्यानंच रंगवली होती. त्याला अक्षरओळख झाली ती याच शाळेत.

"आई, अगं उद्या मंत्री येणार," शेजारी बसलेला रणधीर दबक्या आवाजात म्हणाला. "त्यांच्यासमोर चोरीचं कशाला काढतीस?"

रणधीर त्यांचा एकुलता एक मुलगा. पन्नाशी ओलांडलेला. यंदा जिल्हा परिषदेला उभा राहणार होता.

चोरीची गोष्ट खरी होती. बाहत्तरचा दुष्काळ. परंड्याजवळच्या त्यांच्या गावातली सगळी माणसं सरकारी कामावर खडी फोडत होती, आणि गावातल्या व्यापाऱ्याच्या बखारीत ज्वारीची पोती थप्पीला लागली होती. एका पहाटे बखारीचं कुलूप फुटलेलं दिसलं. दिवस उगवेपर्यंत गावातल्या चाळीस चुली पेटल्या होत्या. पोलीस आले तेव्हा बब्रुवान अण्णा स्वतःच दारात आले. दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाले, "मी फोडलं." चार महिन्यांची शिक्षा झाली. सुटताना सदऱ्याखाली ही थाळी लपवून घेऊन आले. पुढं आमदार झाले तरी जेवले ते याच थाळीत, आणि घरी असले की पहिला घास बायकोला दिल्याशिवाय कधी जेवले नाहीत. लोक हसायचे. अण्णा हसण्यावारी न्यायचे.

"आजी, तसं बघितलं तर ही थाळी सरकारी मालमत्ता आहे," अधीक्षक हसून म्हणाले. त्यांना विषय हलका करायचा होता.

"मग दुसरी चोरीबी लिहा."

खिडकीबाहेर पंचाक्षरी फिस्सकन हसला. पहाऱ्यावरच्या शिपायानं डोळे वटारले.

"पाटीवर 'थोर समाजसेवक' आहे, 'माजी आमदार' आहे," अधीक्षक म्हणाले. "त्यात कैद्याचा नंबर कसा घालू? लोक काय म्हणतील?"

"लोक रस्त्यानं जाता जाता वाचतेत आन् इसरतेत. आत येणारा न्हाय इसरत. नंबर पडला म्हंजी माणूस संपला न्हाय, येवढं त्याला दारातच कळू द्या."

"आई, पुरे आता," रणधीर म्हणाला. "अण्णांची आमदारकी दिसू दे ना लोकांना. नंबर कशाला?"

"आमदारकी लोकांनी दिली. पाच वर्सांनी लोकांनीच काढून घेतली. नंबर तेवढा त्यांनी आपल्या हातानं घेतला."

"हो, आपल्याच हातानं." रणधीरचा आवाज चढला. "आणि भोगलं मी. शाळेत पोरं चोराचा पोरगा म्हणायची. मी मारामाऱ्या करून घरी यायचो. तू पदरानं तोंड पुसायचीस, पण एका शब्दानं बोलायची नाहीस. तेव्हा नाही आठवला हा नंबर?"

अधीक्षकांनी तेवढ्यात संधी साधली. थाळी बाजूला सारून त्यांनी कागद पुढं केला आणि पेन सत्यभामाबाईंच्या हातात दिलं. त्यांना ते नीट धरता येईना. उजव्या हाताचा अंगठा वाकडा होता आणि त्यावर नख नव्हतं. खडी फोडताना चेचला, असं त्या विचारणाऱ्याला सांगत.

त्यांनी पेन खाली ठेवलं. थाळी पुन्हा कागदावर ओढली.

"आठवत हुता. रोज त्याच थाळीतला पयला घास खात हुते, कसा इसरंल?" त्या रणधीरकडे वळल्या. "तू पोटात हुतास. पाचवा म्हैना. मालक कामावरनं येऊन तापानं फणफणून पडले हुते. घरात दाणा न्हवता. खडीचा हातोडा दारातच हुता."



त्यांनी वाकडा अंगठा थाळीच्या काठावर, त्या आकड्यावर टेकवला.

"ह्यो खडी फोडताना न्हाय गेला. कुलूप म्या फोडलं. मालक म्हणाले, 'लेकरू जेलात जन्माला घालायचं न्हाय, आन् ह्यातलं एक अक्षर बी कुणाला सांगायचं न्हाय.' ते हुते तवर म्या शब्द पाळला. आता साहेब, एक तर नंबर लिहा, न्हायतर मला आत घ्या. माझे चार म्हैने बाकी हायेत."

अंगणातला ब्रशचा आवाज थांबला होता.

रणधीर उठला. त्यानं थाळी दोन्ही हातांनी उचलली, खिडकीशी गेला आणि गजांमधून आकडा दिसेल अशी पंचाक्षरीसमोर धरली.

"नीट बघून घे," तो म्हणाला. "नंबर नावाच्या आधी लिही."