न सुटणारी गाठ

चिंधानं प्लास्टिकचा कारबा पाण्याच्या पिंपात दाबून धरला. एकही बुडबुडा आला नाही. त्यानं तो वर काढला, झाकण आणखी आवळलं आणि पुन्हा दाबला. ही चौथी वेळ होती.

सुरतेत पांडेसऱ्याच्या कापडगिरणीतल्या रंगखात्यातून आणलेले केमिकलचे सहा रिकामे कारबे नवागामच्या त्याच्या खोलीसमोर पडले होते. हिरवे त्यानं बघितल्याबरोबर बाजूला टाकले, पाण्यावर दिसत नाहीत म्हणून. दोन तळाला चिरलेले निघाले. शेवटी हा पांढरा उरला. वीस लिटरचा. त्याला धरून माणूस खुशाल तरंगत राहिला असता.

कारबा गजेंद्रसाठी होता. गजेंद्र म्हणजे भागीरथीवहिनीचा धाकटा भाऊ, महिन्यापूर्वीच खानदेशातून कामाला आलेला. तापीकाठी वाढलेला माणूस, भाला घेऊन पाण्याखाली मासे मारण्यात तरबेज. उद्या सुट्टी होती आणि त्याला नदीवर जायचं होतं. जाऊ नको म्हणून चिंधानं सांगून पाहिलं. तो ऐकेना. तेव्हा चिंधा म्हणाला, "मग कारबा मी बांधून देतो. दुसऱ्याचा घ्यायचा नाही."

बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोरी आणि दोरीच्या टोकाला तरंगता कारबा. काठावरच्याला कळतं माणूस कुठं आहे ते, आणि दमला तर त्याला धरायला आधार होतो. चिंधाचा थोरला भाऊ मगन, भागीरथीवहिनीचा नवरा, असाच जायचा.

सुरतेत प्लेग आला, त्याच्या आदल्या वर्षाची गोष्ट. त्या दिवशी मगनच्या कमरेची गाठ चिंधानं बांधली होती. भागीरथी दोन्ही पोरांना घेऊन काठावर बसली होती. नंतर माशाच्या मागं चिंधा स्वतःच खडकाच्या पलीकडं गेला, आणि तिथल्या ओढीत सापडला. नाकातोंडात पाणी गेलं. दोनदा खाली गेला. वर आला तेव्हा मगनचा कारबा समोरून त्याच्याकडंच वाहत येत होता. मागं नुसती दोरी, टोक मोकळं. त्यानं कारबा कवटाळला आणि वाळूला लागला. मगन दुसऱ्या दिवशी सापडला.

चिंधानं गाठ ढिली बांधली, असं सगळे म्हणाले. तेराव्यालाही तेच बोलणं झालं. चिंधानंही ते मान्य केलं. मगननंतरची दोन मुलं गेली म्हणून आईनं त्याचं नाव चिंधा ठेवलं होतं. असल्या नावाच्या पोराला मरण उचलत नाही म्हणे. या वेळीही उचललं नव्हतं. त्याच्याऐवजी मगनला नेलं होतं.

तेव्हापासून त्याला गाठींचं वेड लागलं. त्यानं बांधलेली गव्हाची पिशवी सोडायला त्याच्या बायकोला, उज्ज्वलाला, कात्री लागायची. रंगखात्यात मशीनवर ओलं कापड खेचताना मध्येच त्याला कमरेशी हिसका बसायचा. कुणीतरी खालून दोरी ओढावी तसा. तो काम टाकून मागं वळून बघायचा. सोबतच्यांनी हसणं सोडून दिलं होतं.

आता त्यानं गजेंद्रच्या कमरेच्या मापाचा नायलॉनच्या दोरीचा फास केला. पायांतून चढवायचा. गाठीवर गाठ मारली, काडी पेटवली आणि गाठ वितळवून टाकली. तिचा काळा दगड झाला.

भागीरथी कारबा न्यायला आली. तिनं फास हातात घेतला. गाठीवरून बोट फिरवलं.

"भाऊ, ही सोडायची कशी?"

"सोडायचीच नाही, वहिनी."

"अन् दोरी खाली दगडात अडकली तर?"

चिंधा म्हणाला, "सुटण्यापेक्षा बरं."

भागीरथी उंबऱ्यावर बसली. फास तिच्या मांडीवर होता.

"ती गाठ सुटली नव्हती, भाऊ."

"मी बांधली होती. मला माहीत आहे."

"तुम्ही पक्की बांधली होती. त्यांनी सोडली." तिचा आवाज चढलाही नाही, कापलाही नाही. "तुम्ही दुसऱ्यांदा खाली गेलात ना, तेव्हा. मी काठावरून बघत होते. ते कारब्याला धरून होते. हात कमरेशी नेला, दोरी सोडली आणि कारबा तुमच्याकडं ढकलून दिला. मग खडकाकडं पोहत निघाले. खडक हाती लागला नाही."

चिंधा उभाच होता. खोलीतून उज्ज्वलाच्या स्टोव्हचा आवाज येत होता. मग तो आत गेला, ब्लेड घेऊन आला आणि वहिनीच्या मांडीवरचा फास उचलून त्यानं ती वितळलेली गाठ कापून काढली. दोरी नव्यानं बांधायला घेतली. दोनदा गाठ चुकली. तिसऱ्यांदा सुरगाठ बसली. टोक त्यानं भागीरथीपुढं धरलं. तिनं ओढलं. गाठ एका हिसक्यात सुटली.

"अशीच राहू द्या," ती म्हणाली.

चिंधानं तीच गाठ पुन्हा मारली. "तीन वर्षं, वहिनी. लोक मला काय काय बोलले. तुम्ही एक शब्द काढला नाहीत."

"नाही काढला."

"का?"

भागीरथीनं कारबा उचलून कडेवर घेतला.

"दोन्ही पोरांना धरून मी काठावरून ओरडत होते, भाऊ. गाठ सोडताना त्यांनी आमच्याकडं एकदासुद्धा पाहिलं नाही."