बाही जरा लांब

"आज वार कोणता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

शिंप्याची बायको पलंगाशी जीव मुठीत धरून उभी होती. मेंदूतली गाठ काढायच्या आदल्या दिवशी हाच प्रश्न झाला होता, तेव्हा या माणसाने सांगितलं होतं, "दाढीचा वार." बोटं किती, तर म्हणे, "सुई टोचलेली धरून की सोडून?" डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन फुल्या मारल्या होत्या. तिलाच मध्ये पडावं लागलं होतं. "अहो, डोकं ठिकाणावर आहे त्यांचं. जन्माचे वात्रट आहेत. सरळ उत्तर देतील तेव्हा काळजी करा."

"गुरुवार," शिंपी म्हणाला.

"बोटं किती?"

"तीन."

"आणि ह्या कोण?"

तीस वर्षांत त्याने तिला फौजदारीणबाई म्हटलं होतं, कात्री म्हटलं होतं, गिऱ्हाइकासमोर हात जोडून मालकीणबाई म्हटलं होतं.

"माझी बायको."

"पैकीच्या पैकी," डॉक्टरीणबाई हसल्या. "परवा घरी न्या. नशीबवान आहात."

तिने मान डोलावली. जीव वाचला, आणखी काय हवं, असं स्वतःला बजावलं.

डॉक्टरीणबाई गेल्यावर तिने थर्मासमधला चहा ओतून त्याच्या हातात दिला. घरी रोज सकाळी ती विचारायची, गोड झालाय का? तो घोट घ्यायचा, माप घेताना करायचा तसलं तोंड करायचा आणि म्हणायचा, "बाही जरा लांब झालीय." मग तिने म्हणायचं, "दुमडून घ्या." त्याला तसा काही अर्थ नाही. पण त्यांची मुलगी गेली तेव्हा आठ दिवस घरात कोणी शब्द काढला नव्हता. नवव्या सकाळी रडतारडता त्याने हेच म्हटलं, आणि त्या दिवशी दोघं जेवली.

"गोड झालाय का?" तिने विचारलं.

"हो. बरोबर झालाय."

ती थांबली. कप अर्धा झाला तरी तो काही बोलेना. शेवटी तिनेच म्हटलं, "बाही जरा लांब झालीय."

शिंप्याने कप बाजूला ठेवला. तिचा हात धरून जवळ ओढला, खांद्यापासून शिवणीवर बोट फिरवत कोपरापर्यंत आला.

"नाही गं," तो म्हणाला. "अगदी मापात आहे."