इफिगेनियाचा बाप

“बाप्तिस्म्याच्या आधी कचेरीत जा आणि दोघांच्या सहीने नाव नोंदवून टाक,” असं आमच्या सुईण देस्पिनाकाकूंनी मला दोनदा बजावलं होतं. मी हसले. माझा लेफ्तेरिस तसा नाही, म्हटलं. मुलीचं नाव मिर्तो ठेवायचं, हे आमचं दोघांचं ठरलेलं होतं.

सासूबाईंना मात्र नातीला स्वतःचंच नाव हवं होतं, इफिगेनिया. “म्हणजे जन्मतःच ताकदवान! माझ्याकडेच बघ की.”

“पण आई, पुराणातल्या इफिगेनियाचा तिच्या बापानेच बळी दिला ना? जहाजांना वारा मिळावा म्हणून?” मी विचारलं.

लेफ्तेरिसने लेकीला छातीशी धरलं. “अगं, तो बाप तसला होता. मी तुला तसला वाटतो का?”

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी नाव विचारलं. ते सांगायचा मान धर्ममातेचा, आणि धर्ममाता माझी नणंदच होती. तिने भावाकडे पाहिलं, त्याने हळूच मान हलवली आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, “इफिगेनिया!” तेल लागलं, तीनदा पाण्यात बुडवून झालं, नाव पक्कं झालं. पंगत बसली तरी नवरा दिसेना, म्हणून जाब विचारायला मी शोधत शोधत बंदरावर गेले.


त्याच आठवड्यात सासूबाईंनी स्वतःची होडी त्याच्या नावावर केली होती. तिच्यात शीड उभारून तो वाऱ्याची वाट बघत बसला होता.

तुमच्या एखाद्या मैत्रिणीचं बाळ अजून बिननावाचं असेल, तर तिला आजच फोन करा, आणि नवरा कुठे आहे तेही विचारा.