नवऱ्याशी बोललेलं

पोरानं गोदाम पेटवलं, हे हौसाक्कानं फक्त नवऱ्याला सांगितलं होतं. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. त्याच्या आवाजात, त्याच्या आठवणींनी बोलणारं यंत्र तिच्या फडताळात होतं. पोलिसांनी तेच चोरून ऐकलं आणि पोरगा पिंजऱ्यात उभा राहिला.

"नवरा-बायकोतलं बोलणं पुराव्यात येत नाही, कबूल," सरकारी वकील म्हणाले. "पण हा नवरा नव्हे, यंत्र आहे; आणि ते आम्ही परवानगी घेऊन ऐकलंय."

"तुमची बायको बोलते का हो तुमच्याशी एवढं?" अक्कानं विचारलं.

न्यायाधीशबाईंनी हसू दाबलं. "आजी, यंत्राला काय नावानं हाक मारता?"

अक्कानं पदर सावरला, मान खाली घातली. मग सुनेकडे वळून हळूच म्हणाली, "तूच सांग गं. मी कसं घेऊ त्यांचं नाव?"

"ध्वनिमुद्रण पुराव्यातून वगळा," न्यायाधीशबाई लेखनिकाला म्हणाल्या.